मनाच्या जखमेची साक्ष

गाव सोडून शहरातील मोठ्या महाविद्यालयात शिकावयास गेलेला मुलगा सुट्टीत घरी येतो आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. आईने वाढलेले ताट तसेच राहते. वडील विचारतात, काय झाले? तो म्हणतो, काही नाही. चार दिवसांनी शेजारीपाजारी जमतात. कोणी म्हणतो, पोरगा अभ्यासाला भ्याला. कोणी म्हणतो, शहराचे वारे लागले. एखादी वृद्ध आत्या हळूच कोण्या भगताचे नाव काढते. ज्या घराने अंगारे-धुपारे कायमचे उंबऱ्याबाहेर टाकले त्या घरातही ते नाव निघते. मुलगा मात्र खरे ते सांगत नाही. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात त्याचे आडनाव विचारले गेले, मग प्रवेश परीक्षेतील क्रमांक विचारला गेला, आणि त्या दिवसापासून भोजनगृहात त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली, हे तो आईवडिलांपाशी कोणत्या तोंडाने सांगणार? ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन त्याला पाठविले, त्यांना हे ऐकविण्याची त्याला लाज वाटते. लाज वाटावयास हवी होती ती दुसऱ्यांना. पण ती त्याच्या वाट्याला आली आहे.

या मुलाला काय झाले आहे, असे विचारणारे पुष्कळ भेटतील. या मुलाशी कोणी काय केले, असे विचारणारे फार थोडे. मानसशास्त्र नावाच्या विद्येत हा दुसरा प्रश्न विचारण्याचे धैर्य ज्या संशोधकांनी दाखविले, त्यांतील एका दांपत्याची हकीगत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती अमेरिकेतील आहे. पण ती वाचताना आमच्या वाचकांना आपल्याच वस्तीतील अनेक चेहरे आठवतील.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. विद्या ही आपोआप गरिबाच्या बाजूची नसते. १८५१ साली अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात सॅम्युएल कार्टराइट नावाच्या एका वैद्याने वैद्यकीय मंडळापुढे निबंध वाचला. गुलाम मालकाच्या मळ्यावरून पळून का जातात, याचा शोध त्याने लावला होता. त्याचे म्हणणे असे की, हा एक मनोविकार आहे! त्या विकाराला त्याने ग्रीक शब्दांचे भारदस्त नाव दिले, 'ड्रेपेटोमेनिया', म्हणजे पळून जाण्याचे वेड. उपायही सांगितला. गुलामाला लेकरासारखे धाकात ठेवावे आणि लक्षणे दिसू लागताच चाबूक वापरावा. कामात मन न घालणाऱ्या गुलामासाठी त्याने दुसऱ्या एका रोगाचे नाव काढले होते. ज्याच्या पायात बेडी आहे त्याने बेडी तोडू पाहिली तर तो रोगी, आणि बेडी घालणारा मात्र निरोगी! आजही एखादा प्राध्यापक आपल्या मुलाकडे पाहून, "यांची झेप तेवढीच" असे म्हणतो, तेव्हा तो कार्टराइटचेच शास्त्र शिकवीत असतो. त्याला ग्रीक शब्द येत नाही एवढेच.

या शास्त्राला उत्तर देणारी माणसे त्या शास्त्राच्या घरातच निर्माण व्हावी लागली. मेमी फिप्स हिचा जन्म १९१७ साली आर्कान्सा राज्यातील हॉट स्प्रिंग्स या गावी एका कृष्णवर्णीय डॉक्टरच्या घरी झाला. घरी अन्नवस्त्राची ददात नव्हती, पण शाळा काळ्यांची वेगळी, दुकानांतील वागणूक वेगळी. वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठात ती गणित शिकावयास गेली आणि तेथे केनेथ क्लार्क या विद्यार्थ्याच्या आग्रहाने मानसशास्त्राकडे वळली. पुढे दोघांचा विवाह झाला. १९३८ साली पदवी घेतल्यावर ती काही काळ एका वकिलाच्या कचेरीत कामाला होती. वंशभेदाविरुद्धच्या खटल्यांची तयारी तेथे चाले. ती कागद टंकलिखित करी आणि कान उघडे ठेवी. शाळेपूर्वीच्या वयातील काळ्या बालकांना आपल्या स्वतःची जाणीव कशी होते, हाच तिच्या १९३९ च्या प्रबंधाचा विषय झाला. डॉलबाहुल्यांच्या ज्या प्रयोगाने पुढे न्यायालये हलली, त्याचे बीज या प्रबंधात आहे.

दोघांनी डॉक्टरेट मिळविली ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. केनेथने १९४० साली, मेमीने १९४३ साली. त्या विभागातून ही पदवी मिळविणारे ते पहिले दोन कृष्णवर्णीय होत. १९१३ साली बाबासाहेब ज्या विद्यापीठात दाखल झाले तेच हे विद्यापीठ. टेकडीवर विद्यापीठ आणि टेकडीखाली हार्लेम ही काळ्यांची वस्ती. वर विद्या आणि खाली दारिद्र्य, मध्ये चालत जाता येईल एवढेच अंतर. मेमीचे मार्गदर्शक प्राध्यापक हेन्री गॅरेट हे तर काळ्या-गोऱ्यांच्या विभक्त शाळांचे उघड पुरस्कर्ते होते. मेमीने त्यांचीच निवड केली, आणि त्यांच्या हाताखालून पदवी घेऊन ती बाहेर पडली. पुढे १९५२ साली व्हर्जिनियातील खटल्यात हे गुरुजी विभक्त शाळांच्या बाजूने साक्षीला उभे राहिले, तेव्हा त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासाठी त्यांची ही विद्यार्थिनी त्याच न्यायालयात साक्ष देऊन आली. गुरूचा अंगठा मागणाऱ्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या. ही कथा आपल्या मुलींना सांगण्यासारखी आहे.

आता त्या बाहुल्यांविषयी. चार बाहुल्या, सर्व सारख्या. फरक फक्त रंगाचा. दोन गोऱ्या, दोन तपकिरी. तीन ते सात वर्षे वयाच्या २५३ काळ्या मुलांपुढे त्या ठेवण्यात आल्या. त्यांपैकी १३४ मुले आर्कान्सातील विभक्त शाळांची होती आणि ११९ मुले मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड या गावच्या, काळी-गोरी मुले एकत्र बसतात अशा शाळांची होती. प्रत्येक मुलाला एकट्याला जवळ बसवून सांगावयाचे: तुला खेळावयास आवडेल ती बाहुली दे. छान बाहुली दे. वाईट दिसते ती दे. गोऱ्या मुलासारखी कोणती? काळ्या मुलासारखी कोणती? आणि सर्वांत शेवटी, तुझ्यासारखी दिसते ती दे.

सुमारे दोनतृतीयांश मुलांनी खेळण्यासाठी गोरी बाहुली मागितली. शंभरांतील एकोणसाठ मुलांनी तपकिरी बाहुली 'वाईट दिसते' म्हणून उचलून दिली. एवढे झाल्यावर त्यांना शेवटचा प्रश्न विचारला जाई, आणि ज्या बाहुलीला आताच वाईट म्हटले तिच्याकडेच बोट दाखवावे लागे. काही मुले गप्प झाली. काही रडत खोलीबाहेर पळाली. केनेथ क्लार्क यांनी पुढे सांगितले आहे की, हे काम चालू असताना त्यांचे स्वतःचे मन विदीर्ण होत होते.

प्रश्न शेवटी ठेवण्यात संशोधकांचे शहाणपण होते, असे आम्हांस वाटते. मूल प्रथम समाजाचे मत बोलते आणि मग त्या मतात आपण स्वतः कोठे आहोत हे त्याला कळते. सात वर्षांच्या आतील लेकराने न्यूनगंड हा शब्द ऐकलेला नसतो. तरीही ते बाहुली उचलून आपल्या हाती देते.

या ठिकाणी आमच्या वाचकांना अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावयाचे, ते गोणपाट शाळेच्या शिपायानेही उचलावयाचे नाही म्हणून रोज परत घरी न्यावयाचे, आणि तहान लागली तर शिपाई असेल तरच पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही. या आपल्या बालपणीच्या गोष्टी बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत. हे आत्मकथन त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. १९९० साली ते पुस्तकरूपाने निघाले. क्लार्क दांपत्याने अडीचशे मुलांकडून जी साक्ष काढली, ती येथे एका मुलाने प्रौढपणी स्वतः नोंदविली आहे. त्यात रडणे कोठेही नाही. कोणी काय केले, तेवढे लिहिले आहे.

या प्रयोगावर आक्षेप निघाले, तेही सांगितले पाहिजेत; आपल्या बाजूचा पुरावा आपण दुसऱ्याच्या पुराव्याइतक्याच कठोरपणे तपासला पाहिजे. एकत्र शाळांत बसणाऱ्या उत्तरेकडील मुलांत गोरी बाहुली मागणाऱ्यांचे प्रमाण दक्षिणेकडील मुलांपेक्षा कमी नव्हते, थोडे अधिकच होते. मग दोष विभक्त शाळांचा कसा, असे टीकाकारांनी विचारले. क्लार्क यांचे उत्तर असे की, दक्षिणेतील मुलांनी आपली हीनता जणू पचवून टाकली होती आणि त्यांचे ते स्वस्थ दिसणे हेच आजाराचे लक्षण होते. हे उत्तर सर्वांना पटले नाही. आमच्या मते प्रयोगाने सिद्ध झाले ते इतकेच, पण तेही थोडे नव्हे: विष केवळ शाळेच्या भिंतीत नव्हते, ते हवेत होते, आणि बाक एकत्र ठेवल्याने हवा बदलत नाही. ज्यांची मुले आज 'सर्वांसाठी खुल्या' वर्गांत बसतात, त्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे.

१९५१ साली दक्षिण कॅरोलायनातील क्लॅरेंडन परगण्याच्या खटल्यात केनेथ क्लार्क या बाहुल्या घेऊन गेले. तेथील १६ मुलांची त्यांनी परीक्षा घेतली. ११ मुलांनी तपकिरी बाहुली वाईट म्हटली. फिर्यादी पक्षाच्या काही वकिलांनाच हे हसण्यावारी नेण्यासारखे वाटले होते. कायद्याच्या लढाईत बाहुल्या कसल्या आणता, असे त्यांचे म्हणणे. त्या न्यायालयात फिर्यादी हरले. तिघांपैकी एकाच न्यायाधीशाने विरुद्ध मत नोंदविले. परंतु तोच खटला इतर खटल्यांसह सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १७ मे १९५४ रोजी मुख्य न्यायाधीश अर्ल वॉरन यांनी एकमताचा निकाल वाचला. केवळ रंगामुळे मुलांना वेगळे काढल्याने त्यांच्या मनात आपल्या समाजातील स्थानाविषयी हीनतेची भावना निर्माण होते आणि ती पुढे कधी भरून येईल याचा भरवसा नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्याला आधार म्हणून अकराव्या तळटिपेत जी नावे दिली त्यांत पहिले नाव केनेथ क्लार्क यांचे होते. मेमीचे नाव त्या टिपेत नाही. प्रयोगाचे मूळ तिच्या प्रबंधात असूनही नाही. स्त्रीचे श्रम कोठे मोजले जातात आणि कोठे गळून पडतात, हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. परंतु आपल्या चळवळीतही अशा तळटिपा पुष्कळ निघतील.

निकाल प्रसिद्ध आहे. त्याच्या आठ वर्षे आधी सुरू झालेले काम मात्र फारसे कोणास ठाऊक नाही, आणि आमच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे आहे. कोलंबियाची डॉक्टरेट हाती असूनही मेमीला तिच्या योग्यतेचे काम न्यूयॉर्कात मिळेना. निराधार काळ्या मुलींच्या एका आश्रमात तपासणीचे काम करताना तिने पाहिले की, मनाने खचलेल्या या मुलांना नेण्यासारखी जागाच हार्लेममध्ये नाही. नवराबायकोने शहरातील समाजसंस्थांचे उंबरे झिजविले. हार्लेममध्ये तुमची शाखा काढा, अशी विनंती केली. कोणीही तयार झाले नाही. तेव्हा १९४६ साली मेमीच्या वडिलांकडून ९४६ डॉलर उसने घेऊन त्यांनी हार्लेममधील डनबार इमारतींच्या तळघरात स्वतःचे केंद्र उघडले. पुढे त्याचे नाव नॉर्थसाइड बालविकास केंद्र असे झाले.

प्रारंभीच एक गाऱ्हाणे घेऊन आया तेथे येऊ लागल्या. शाळेने मूल 'मंदबुद्धी' ठरवून वेगळ्या वर्गात टाकले आहे, पण आमचे मूल तसे नाही, तुम्ही पाहा. केंद्राने मुलांची बुद्धिमापन परीक्षा घेतली. बहुतेक मुले त्या वर्गाच्या कायदेशीर मर्यादेच्या पुष्कळ वर निघाली. त्यांना तेथे टाकणेच बेकायदा होते. एका आईचे म्हणणे, ज्याला शाळेत कोणी भीक घातली नव्हती, ते आता कागदावर आकड्यांत आले आणि शाळेला ते ऐकावे लागले. समुपदेशन म्हणजे गोड बोलून समजूत घालणे, असे ज्यांना वाटते त्यांनी या तळघरातील पहिले काम लक्षात घ्यावे. तेथे आईची समजूत घातली गेली नाही. आईचे म्हणणे खरे आहे की नाही हे तपासले गेले.

पुढे केंद्रातच वाद उत्पन्न झाला. काही पाठीराख्यांचा व तज्ज्ञांचा आग्रह असा की, मुलांच्या अंतर्मनाचे पृथक्करण करावे, बालपणीच्या गाठी उकलाव्यात. क्लार्क दांपत्याचे म्हणणे निराळे होते. जे मूल वाचू शकत नाही, ज्याच्या घरी उबेची सोय नाही, ज्याला शाळेत रोज मूर्ख म्हटले जाते, त्याच्या स्वप्नांचा अर्थ लावत बसण्यापूर्वी त्याला वाचावयास शिकवा. म्हणून तेथे उपचाराच्या जोडीला वाचनाचे जादा वर्ग चालू झाले, घराच्या अडचणींत कुटुंबाला मदत होऊ लागली. वाचता येऊ लागलेले मूल ताठ बसू लागते. याला औषध म्हणावे की शिक्षण म्हणावे, हा वाद पंडितांनी घालावा. मेमी क्लार्क यांनी १९७९ पर्यंत, म्हणजे तेहेतीस वर्षे, हे केंद्र चालविले.

परंतु अशी केंद्रे थोडी आणि सरकारी दवाखाने पुष्कळ. त्यांतून काय घडत होते? १९७० नंतरच्या दशकात स्टॅन्ली स्यू या चिनी वंशाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह सिअॅटल परिसरातील १७ मनःस्वास्थ्य केंद्रांच्या नोंदी तपासल्या. सुमारे १४,००० माणसांच्या नोंदी होत्या. गोऱ्यांपैकी शंभरांत तीस जण पहिल्या भेटीनंतर परत आले नाहीत. कृष्णवर्णीय, आदिवासी, आशियाई व मेक्सिकन वंशाच्या लोकांत मात्र जवळजवळ निम्मे परत आले नाहीत. यावर 'या लोकांना उपचाराचे महत्त्वच कळत नाही' असे म्हणणे सोपे होते. स्यू यांनी उलट विचारले: त्या पहिल्या भेटीत त्यांना असे काय मिळाले की दुसऱ्यांदा येण्याची इच्छा होऊ नये? रोग्याच्या अडाणीपणाकडे वळलेले बोट त्यांनी दवाखान्याकडे वळविले. १९६८ साली कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली होती. १९९२ साली समुपदेशकाच्या अंगी इतर समाजांविषयी कोणती जाण असली पाहिजे, याची लेखी कसोटी तयार झाली. आणि अमेरिकन मानसशास्त्र संघाने आपल्या विद्येने वंशभेदाला हातभार लावला याबद्दल जाहीर क्षमा मागितली ती २०२१ साली. कार्टराइटच्या निबंधापासून मोजले तर एकशेसत्तर वर्षे लागली.

आता आपल्या घराकडे वळू. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मनःस्वास्थ्य पाहणीत असे आढळले की, आजारागणिक पाहता शंभरांतील सत्तर ते ब्याण्णव माणसांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. हा सर्व समाजाचा आकडा आहे; वस्तीतल्या माणसाची त्यात काय गत असेल ते वाचकांनी ताडावे. दिल्लीच्या अखिल भारतीय वैद्यकीय संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात व वर्गात कसे वेगळे पाडले जाते, हे थोरात समितीने २००७ सालीच लेखी दिले. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादेत रोहित वेमुला गेला. २०१४ ते २०२१ या काळात केंद्रीय उच्चशिक्षण संस्थांतील १२२ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले व त्यांपैकी २४ अनुसूचित जातींचे होते, अशी माहिती सरकारनेच संसदेत दिली. अशा प्रत्येक मृत्यूनंतर मुलगा 'नाजूक मनाचा' होता असे सांगितले जाते. ते ऐकताना आम्हांस लुईझियानाचा तो वैद्य आठवतो.

आपल्यातील काही कार्यकर्ते म्हणतील, हे समुपदेशनाचे खूळ आपल्याला काय करावयाचे? अन्याय रस्त्यावर आहे, उत्तर रस्त्यावर दिले पाहिजे. खोलीत बसून दुःख सांगितल्याने जात मरत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. अन्यायाला आजार म्हणून गोळी देणारे समुपदेशक आम्हांसही नकोत. पण केनेथ क्लार्क न्यायालयात उभे होते तेव्हा हार्लेमच्या केंद्रात मुले वाचावयास शिकत होती, आणि एकाच घरातील दोन माणसे ही दोन कामे करीत होती. मोर्चातून घरी परतलेल्या मुलाला रात्री झोप येत नसेल तर त्याला काय सांगावयाचे? उद्याच्या मोर्चापर्यंत थांब?

म्हणून आपल्या कुटुंबांना आमचे सांगणे असे. मूल अबोल झाले, झोपेनासे झाले, 'माझा उपयोग काय' असे बोलू लागले, तर त्याला भित्रा म्हणू नका. आणि कोणी अपमान केला काय, हे सरळ विचारा. जिवाचे बरेवाईट करण्याचे त्याच्या मनात येते काय, हेही विचारावयास भिऊ नका. विचारल्याने तो विचार मनात घातला जात नाही. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मागा. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालू असते आणि मराठीत बोलता येते. समुपदेशकाची पहिली भेट झाल्यावर मुलाला विचारा, जातीची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी ऐकून घेतली, की 'तुझा गैरसमज असेल' म्हणून विषय बदलला? विषय बदलला असेल तर दुसरा समुपदेशक शोधा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे ही सेवा जातीवरून भेदभाव न होता मिळणे हा आपला हक्क आहे.

आणि ज्यांची मुलेमुली पदवीला कोणता विषय घ्यावा या विचारात आहेत त्यांना आणखी एक सूचना. अभियंते, वकील, अधिकारी आपल्यात झाले आणि होत आहेत. मानसशास्त्राची पदवी घेऊन वस्तीत परत येणारे आपल्याला हवे आहेत. वस्तीतील विहाराशेजारची एक खोली, एक टेबल आणि दोन खुर्च्या एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. ९४६ डॉलरही लागणार नाहीत.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे निर्देश दिले आहेत की, १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि अनुसूचित जाती-जमातींसह सर्व उपेक्षित समाजांतील विद्यार्थ्यांशी भेदभाव न करता संवेदनशीलपणे वागण्याचे शिक्षण कर्मचारीवर्गास द्यावे. पालकसभेची पुढील तारीख विचारून घ्या. चारपाच आयांनी मिळून जावे आणि मुख्याध्यापकांस विचारावे: आपल्या शाळेत ही नेमणूक झाली आहे काय, त्या व्यक्तीचे नाव काय, आणि ती कोणत्या खोलीत, कोणत्या वेळी भेटते? उत्तर तोंडी मिळाले तर ते लेखी मागावे.